टीव्ही घेताना आधी मागची बाजू बघा

मिरजेहून एका शिक्षिका भगिनींचं पत्र आलंय. २०१० साली घेतलेला ४० इंची फुल एचडी टीव्ही त्यांच्याकडे अजून चालू आहे, पण त्याच्या दोन एचडीएमआय पोर्टपैकी (चित्र-आवाजाची वायर खोचायच्या जागांपैकी) एक बंद पडलाय आणि आतली इंटरनेटची ॲप केव्हाच निकामी झालीत. आता साठ हजारांपर्यंत नवा घ्यायचाय. सोफ्यापासून भिंत नऊ फुटांवर. बारावी झालेला मुलगा प्लेस्टेशन ५ मागतोय, मुलगी पुण्याहून आली की लॅपटॉप टीव्हीला लावून काम करते, यजमानांना क्रिकेट हवं आणि सासूबाईंना मालिका. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आता ८के येतंय, ४के घेऊन दोन वर्षांत पस्तावाल." शेवटी त्या लिहितात, "२०१० सालीही असंच सांगितलं होतं की एकदा फुल एचडी घेतला की पुढे बघायला नको. सासूबाई तर म्हणतात, जुन्या टीव्हीतच चेहरे छान दिसतात. यावेळी काय बघून घेऊ, म्हणजे पुढची दहा वर्षं जे येईल ते त्यावर दिसेल?"

ताई, "जे येईल ते दिसेल" हे तुमचे शब्द मी दोनदा वाचले. दुकानात सगळे विचारतात, पडदा किती के चा. येणारं चित्र आत कसं शिरणार, हे फारसं कुणी विचारत नाही, आणि टीव्ही लवकर जुना होतो तो तिथेच.

खोक्यावर छापलेला आकडा पडद्याचा असतो. ४के म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, तुमच्या आताच्या १९२० बाय १०८०च्या चौपट. पण बाहेरचं चित्र पोर्टमधून आत येतं, आणि तो पोर्ट किती ठिपक्यांचं चित्र, सेकंदाला किती वेळा, किती रंगछटांसह घेईल याची मर्यादा वेगळी असते. वायर जोडली की टीव्ही समोरच्या यंत्राला आपली यादी कळवतो: मला हे हे चालतं. सेट-टॉप बॉक्स असो की प्लेस्टेशन, साधारणपणे त्या यादीत बसेल तेच पाठवतो. यादीत नसलेलं चित्र तुमच्या पडद्यापर्यंत पोचतच नाही, पडदा कितीही भारी असला तरी.

हे याआधी तीनदा झालंय. पहिली वेळ एचडीची. अमेरिकेत १९९८ साली एचडी प्रक्षेपण सुरू झालं, तेव्हाच्या महागड्या टीव्हींना एचडीएमआय नव्हतंच, कारण त्याचं पहिलं मानक आलं डिसेंबर २००२ मध्ये. पुढे २००५च्या सुमाराला १०८० ओळींचे पडदे बाजारात आले, पण त्यातले कित्येक पोर्टवर १०८०पी घेत नसत, फक्त १०८०आय घेत. आय म्हणजे एकाआड एक ओळी दोन हप्त्यांत, पी म्हणजे पूर्ण चित्र एकदम. २००६ मध्ये ब्लू-रे आणि प्लेस्टेशन ३ आले, दोन्ही १०८०पी देणारे, आणि त्या लोकांच्या पडद्यात ठिपके असूनही चित्र आत येईना. आपल्याकडे त्याच सुमारास 'एचडी रेडी' अशी पाटी लावून १३६६ बाय ७६८चे टीव्ही खपले. त्या पडद्यात ७२० ओळींचं चित्र आलं की ताणावं लागतं, १०८०चं आलं की दाबावं लागतं; जसंच्या तसं काहीच बसत नाही.

दुसरी वेळ ४केची, त्यात मी स्वतः पोळलो. २०१४ मध्ये माझ्या मेव्हण्याने माझ्या शब्दावर ५० इंची ४के टीव्ही घेतला. पडदा खरोखर देखणा होता. दोन वर्षांनी त्याने ४के दाखवणारा स्ट्रीमिंग बॉक्स आणला, जोडला, आणि चित्र आलं ते १०८०चं. तीन वायरी बदलून पाहिल्या. शेवटी मी टीव्हीचं माहितीपुस्तक उघडून बसलो तेव्हा कळलं की त्याचे सगळे पोर्ट एचडीएमआय १.४चे होते. म्हणजे ४के घेणार, पण सेकंदाला ३० चित्रं, त्याहून जास्त नाहीत. शिवाय ४के सिनेमांच्या चोरीविरुद्ध जे एचडीसीपी २.२ नावाचं कुलूप असतं, त्याची किल्ली त्या टीव्हीकडे नव्हती. आणि गंमत नाही, खरं सांगतो: एचडीएमआय २.०, सेकंदाला ६० चित्रं घेणारं, सप्टेंबर २०१३ मध्येच जाहीर झालं होतं. मी एक पान उलटून पाहिलं असतं तर त्याचे पैसे वाचले असते. ते मला आजही लागतं, म्हणूनच तुम्हाला इतकं लांबण लावून सांगतोय.

तिसरी वेळ २०२०ची. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स सेकंदाला १२० चित्रं ४के मध्ये देऊ लागले. त्यासाठी लागणारं एचडीएमआय २.१ तीन वर्षं आधी, २०१७ मध्ये आलं होतं, पण घरोघरचे ४के टीव्ही २.०चेच होते. पडदा तिन्ही वेळी शाबूत होता, अरुंद होतं ते दार.

आता दुकानदाराच्या ८केचं, म्हणजे ४केच्याही चौपट ठिपक्यांचं, बघू. यासाठी टेप काढा, अंदाज नको. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढं अंतर सुटं दिसतं; त्याहून बारीक असलं की दोन ठिपके एकच वाटतात. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटीमीटर रुंद असतो. त्यावर फुल एचडीचे ठिपके सात फुटांच्या आत बसलं तरच सुटे दिसतात, ४केचे साडेतीन फुटांच्या आत. ८केचा ६५ इंची पडदा घेतलात, तर त्याचा पुरेपूर फायदा दिसायला तुम्हाला दोन फुटांवर बसावं लागेल. तुमचा सोफा नऊ फुटांवर आहे! त्यातून ८केमध्ये बघायचं काय, हाही प्रश्न आहेच. जपानच्या एनएचकेने १ डिसेंबर २०१८ला ८के वाहिनी सुरू केली. आपल्याकडे डीटीएचवरच्या एचडी वाहिन्या आजही १०८०आय आहेत. तेव्हा ८केसाठी एक रुपयाही जादा देऊ नका.

हेच गणित पुढे नेलं तर नऊ फुटांवरून ५५ इंची फुल एचडी आणि ४के यांतलाही फरक ठिपक्यांपुरता जवळजवळ दिसणार नाही. मग ४के का घ्यायचा? एक तर एवढ्या मोठ्या आकारात फुल एचडी फारसा मिळतच नाही. दुसरं आणि खरं कारण असं की ॲपवाल्या कंपन्या त्यांचं चांगलं चित्र ४केच्या दारानेच पाठवतात. ४केसाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएसचा वेग मागतं. या प्रवाहात नुसते ठिपके जास्त नसतात, चित्र कमी पिळलेलं असतं, सावल्यांत चौकोन उठत नाहीत, आणि एचडीआरचे, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या चित्राचे, रंग सहसा याच प्रवाहाबरोबर येतात. साध्या चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, एचडीआरमध्ये १०२४. संध्याकाळचं आकाश दाखवताना जे पट्टे पडतात ते यानेच जातात. पण इथेही एक सावधगिरी: खोक्यावरचं एचडीआर म्हणजे टीव्ही ते चित्र आत घेतो, एवढंच. दाखवायला पडद्यात उजेड लागतो. स्वस्त पडद्यांत तो नसतो आणि तिथे एचडीआर उलट काळपट दिसतं. दुकानात दोन टीव्ही शेजारी लावून रात्रीचं दृश्य बघा, कळेल.

तुमच्या घरासाठी माझं मत ५५ इंची ४के, खऱ्या १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं दाखवणाऱ्या, पडद्याचा. सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्यामुळे साठ हजारांत असा टीव्ही शोधलात तर बसतो. नाहीच बसला तर ६० हर्ट्झचा घ्या, पण आकार आणि मागचे पोर्ट यांत तडजोड नको. मुलाला प्लेस्टेशन ६० वरही उत्तम खेळता येईल.

दुकानात जाताना मोबाइलची बॅटरी नीट चार्ज करून न्या, टॉर्च लागेल. टीव्ही भिंतीपासून जरा पुढे ओढायला सांगा आणि मागे वाका. प्रत्येक पोर्टच्या कडेला बारीक पांढऱ्या अक्षरांत काहीतरी कोरलेलं असतं. कुठे नुसतं एचडीएमआय १, कुठे '४के ६० हर्ट्झ', कुठे '४के १२० हर्ट्झ', कुठे 'एआरसी' किंवा 'ईएआरसी', म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच वायरीने साउंडबारला पाठवणारा. चारही पोर्ट सारखे आहेत असं गृहीत धरू नका. स्वस्त टीव्हींत कधीकधी एकच पोर्ट रुंद असतो. तुमच्याकडे जोडायची यंत्रं मोजा: सेट-टॉप बॉक्स, प्लेस्टेशन, लॅपटॉप, आणि उद्या साउंडबार घेतलात तर तो. चार झाली. एचडीएमआयने जोडलेला साउंडबार एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या पोर्टवरच नीट चालतो, आणि बऱ्याच टीव्हींत १२० हर्ट्झचे दोनच पोर्ट असतात, त्यातला एक नेमका तोच. मग उरतो एक, तो मुलाचा. तीन पोर्टवाला टीव्ही घेतलात तर वर्षभरात वायरी काढघाल सुरू होईल, आणि पोर्ट ढिले होतात ते यानेच. तुमच्या जुन्या टीव्हीचा पोर्ट कशाने गेला ते मला सांगता येणार नाही, पण दुरुस्तीला येणाऱ्या टीव्हींत मी हे फार पाहिलंय.

विक्रेता "२.१ आहे" म्हणाला की तिथे थांबू नका. एचडीएमआयच्या नियमांत २.१ची बहुतेक वैशिष्ट्यं ऐच्छिक आहेत, त्यातलं एखादंच असलं तरी ती पाटी लावता येते. काही टीव्हींचा पडदा ६० हर्ट्झचाच असतो, पण उभे ठिपके निम्मे करून तो १२० चित्रं दाखवतो. त्याला डीएलजी म्हणतात, आणि जाहिरातीत फक्त १२० लिहिलेलं असतं. म्हणून निर्णय घ्यायच्या आदल्या रात्री त्या मॉडेलचं माहितीपुस्तक कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. शेवटच्या पानांत एक तक्ता असतो, कोणकोणतं चित्र चालतं त्याचा. एका रकान्यात ३८४० बाय २१६०, पुढच्यात २४, २५, ३०, ५०, ६०, १००, १२०, आणि कुठे कुठे पोर्टचा क्रमांक. मघाशी ज्या यादीबद्दल म्हणालो तीच ही, कागदावर. किमान दोन पोर्टसमोर ५० आणि ६० दिसलेच पाहिजेत. ५० मुद्दाम सांगतोय, कारण आपलं प्रक्षेपण ५० हर्ट्झचं आहे. त्याच तक्त्यात २५६० बाय १४४० आहे का तेही पाहून ठेवा. ते टीव्हीचं माप नाही, संगणकाच्या मॉनिटरचं आहे, पण सप्टेंबर २०२२ मध्ये प्लेस्टेशन ५ला ते मिळालं, आणि मुलीच्या लॅपटॉपलाही ते सोयीचं पडतं. असे मधले आकडे ज्या टीव्हीच्या यादीत आहेत, त्याच्या बनवणाऱ्याने थोडा पुढचा विचार केलाय असं मी समजतो.

टीव्ही घरी आला की आणखी एक गोष्ट, ही नव्वद टक्के घरांत राहूनच जाते असं मी माझ्या गिऱ्हाइकांवरून सांगतो. पोर्ट रुंद असला तरी कारखान्यातून तो अनेकदा अर्धा मिटलेला येतो, जुन्या यंत्रांना त्रास होऊ नये म्हणून. सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक पोर्टसाठी तो उघडावा लागतो. सॅमसंगमध्ये त्याला 'इनपुट सिग्नल प्लस' म्हणतात, सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट', एलजीत नावात 'डीप कलर' येतं. ते चालू केलं नाही तर टीव्ही यंत्राला छोटी यादीच देतो, आणि लोक म्हणतात, प्लेस्टेशन खराब निघालं. वायरही बघा. १२० हर्ट्झसाठी 'अल्ट्रा हाय स्पीड' असं प्रमाणपत्राचं लेबल असलेली लागते, ४८ गिगाबिटची. दुकानात फुकट मिळते ती सेट-टॉप बॉक्सला लावा.

लॅपटॉपची परीक्षा मात्र दुकानातच घ्या, मुलीला सोबत न्या. लॅपटॉप जोडा आणि आधी चारही कडा तपासा. खालची पट्टी किंवा कोपऱ्यातलं घड्याळ अर्धवट कापलेलं दिसलं, तर टीव्ही चित्र थोडं फुगवून कडा खातोय. ही जुन्या डबा टीव्हीच्या काळची सवय आहे. चित्राच्या आकारात 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असा पर्याय शोधा. मग एका कोऱ्या पानावर निळी पार्श्वभूमी देऊन त्यावर लाल रंगात बारीक अक्षरांत दोन ओळी टंकून घ्या. काना-मात्रा विस्कटून कडा रंगीत धुरकट दिसल्या, तर टीव्ही रंगांची माहिती निम्मी-पाव करून घेतोय. सिनेमात हे कळत नाही, अक्षरांत लगेच कळतं. त्या पोर्टचं नाव सेटिंगमध्ये 'पीसी' असं बदललं की पुष्कळ टीव्हींत अक्षरं एकदम ठसठशीत होतात. नाव बदलूनही झाली नाहीत तर तो टीव्ही कामासाठी नको.

क्रिकेटसाठी दुकानात जी फिरत राहणारी फुलांची, फ्लेमिंगोंची चित्रफीत लावलेली असते ती बंद करायला सांगा. तिच्यात प्रत्येक टीव्ही चांगला दिसतो. सेट-टॉप बॉक्सवर एखादी मराठी बातम्यांची वाहिनी लावा आणि खालून सरकणारी पट्टी वाचा. अर्ध्या-अर्ध्या ओळी जोडून पूर्ण चित्र करणं आणि ते ४केला ताणणं ही दोन्ही कामं टीव्हीच्या चिपला करावी लागतात. अक्षरांच्या उभ्या दांड्यांना कंगव्यासारखे दाते फुटत असतील, तर सीमारेषेकडे जाणाऱ्या चेंडूचंही तेच होणार. सामने आता ॲपवर ४केतही येतात, २०२३चं आयपीएल जिओसिनेमाने तसं दाखवलं होतं. पण यजमान जर डिशवरच बघणार असतील, तर ही पट्टीची परीक्षा बाकी सगळ्यांपेक्षा मोलाची.

तुमच्या आताच्या टीव्हीची ॲप मेली आणि पडदा जिवंत राहिला, याचं वाईट वाटून घेऊ नका. नव्याचंही तसंच होईल. आतली चिप पाच-सहा वर्षांत थकते, कंपनी सुधारणा पाठवणं थांबवते. तेव्हा पोर्टमध्ये खोचायची छोटी स्ट्रीमिंग स्टिक लावायची की टीव्ही पुन्हा आजच्यासारखा. म्हणून आतल्या ॲपसाठी, आवाजाने चालणाऱ्या सहायकासाठी जास्त पैसे मोजू नका. ते बाहेरून लावता येतं. पोर्ट बाहेरून लावता येत नाही.

आता सासूबाई. त्या बरोबर बोलतायत, हे त्यांना माझ्यातर्फे सांगा. साध्या वाहिनीचं चित्र ५७६ ओळींचं असतं. ते ४० इंचांवर जेवढं ताणलं जातं त्याहून ५५ इंचांवर बरंच जास्त ताणलं जातं, आणि नवे टीव्ही दुकानात चमकावेत म्हणून कारखान्यातूनच भडक रंग आणि जास्त धार देऊन येतात. मग मालिकेतल्या बायकांच्या चेहऱ्यावर मेणाचा थर बसल्यासारखा दिसतो. झी मराठी, स्टार प्रवाह यांच्या एचडी वाहिन्या आहेत, पॅकमध्ये त्या घ्या. चित्राचा मोड 'व्हिव्हिड'वरून 'सिनेमा' किंवा 'स्टँडर्ड'वर आणा आणि शार्पनेस निम्म्याहून खाली. पहिले दोन दिवस सगळ्यांना चित्र पिवळट वाटेल, मग डोळा बसतो.

आणि जुना टीव्ही बदलीत देऊ नका. दुकानदार त्याचे हजार-दीड हजार देईल. चालू असलेला तो एक पोर्ट सेट-टॉप बॉक्सला पुरेसा आहे. त्यांच्या खोलीत, पलंगापासून सहा-सात फुटांवर, बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येईल एवढ्या उंचीवर लावून द्या.